‘शोलापूर’ लिहून पाहा

परवा सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात आम्ही अर्धा तास अडकून पडलो. बाहेर श्रावणाची भुरभुर, आत एकच यंत्र आणि पुढे सहा गिऱ्हाइके. शेजारच्या गाळ्यात मोबाईलच्या फुटलेल्या काचा बदलण्याचे काम जोरात चालले होते. दुकानाच्या कोपऱ्यातल्या संगणकावर मोहोळहून एसटीने येणारी, इतिहासात एम. ए. करणारी एक मुलगी बसली होती. तिला प्रकल्प करायचा होता १९३० मध्ये इंग्रज सरकारने सोलापूरवर लादलेल्या मार्शल लॉवर. इंग्रजीत ‘सोलापूर’ आणि ‘मार्शल लॉ’ एवढे शब्द घालून ती पुन्हापुन्हा शोधत होती. पडद्यावर येत होत्या त्या १२ जानेवारीला चार हुतात्म्यांना वाहिलेल्या पुष्पहारांच्या बातम्या. एकमेकींवरून उतरवलेल्या, चुकासुद्धा त्याच असलेल्या. मूळ कागद एकही नाही.

रांगेत तिच्यामागे एक निवृत्त ग्रंथपाल उभे होते. हातात छत्री, काखेत कापडी पिशवी. बराच वेळ ते तिच्या खांद्यावरून पडदा पाहत होते. अखेर त्यांना राहवले नाही. “बाळ, ‘शोलापूर’ लिहून बघ,” ते म्हणाले. “एसच्या पुढं एच घाल.”

मुलीने एच घातला. पडदा पालटला. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८४ सालचा विसावा खंड आला, तो अख्खा आपल्याच जिल्ह्यावरचा. ब्रिटिश संसदेचे कामकाज आले. भारतमंत्री वेजवूड बेन यांना १९३० च्या उन्हाळ्यात आपल्या गावाबद्दल विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांनी दिलेली मोजूनमापून उत्तरे. लंडनच्या त्या सभागृहात आपले गाव ‘श’नेच उच्चारले जात होते, आणि संगणक जे लिहिलेले असेल तेवढेच शोधतो. “हे आधी कुणी सांगितलंच नाही की ओ सर,” मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता, आणि गेलेल्या दोन महिन्यांचा थोडा रागही.

१२ ऑगस्ट हा राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या जयंतीचा हा दिवस. महाविद्यालयांमधून त्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो, कुणीतरी त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम वाचून दाखवतो, चहा होतो. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, प्रशिक्षणाला लंडनला गेले आणि तिथल्या एका मोठ्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहून त्यांना वर्गीकरणाची नवी रीत सुचली, ही गोष्ट ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. त्यांचे पाच नियम १९३१ चे. योगायोग असा की मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी दिले गेले ते सालही १९३१. त्या पाचांतला चौथा नियम वाचकाच्या वेळेबद्दल आहे. ग्रंथालयाने तो वाया जाऊ देऊ नये, असे त्याचे सांगणे. झेरॉक्सच्या दुकानात उभ्याउभ्या, आपण निवृत्त झालो आहोत हे विसरून त्या गृहस्थांनी हा नियम पाळला. मुलीच्या महाविद्यालयात तो पाळायला कोण आहे, हे विचारायचे आम्ही टाळले.

टाळले, कारण उत्तर साधारण ठाऊक आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत यंत्रे आली, पण माणसे मात्र कमी होत गेली. ग्रंथपाल निवृत्त झाला की त्याची जागा भरायला वर्षे लागतात. तोवर कार्यभार एखाद्या प्राध्यापकाकडे, देवघेव लिपिकाकडे आणि किल्ली शिपायाकडे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती येणार म्हटले की पुस्तकांना बारकोड चिकटतात, संगणकाची धूळ झटकली जाते, भिंतीवर ‘ई-संसाधन कक्ष’ अशी पाटी लागते. समिती गेली की पाटी तेवढी राहते.

यात सरकारने काही दिले नाही असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. दिले आहे, आणि भरपूर दिले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचे इन्फ्लिबनेट हे केंद्र १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या संस्थेच्या अंगणात प्रकल्प म्हणून रांगायला लागले, १९९६ मध्ये स्वतंत्र झाले, आज त्याचे बिऱ्हाड गांधीनगरला आहे. त्याच्या ‘एन-लिस्ट’ योजनेत अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या महाविद्यालयाला वर्षाला जेमतेम सहा हजार रुपयांत सहा हजारांवर नियतकालिके आणि लाखांच्या घरात ई-पुस्तके मिळतात. एवढ्या पैशांत एका बऱ्या परदेशी नियतकालिकाची वर्षाची वर्गणीसुद्धा भरता येत नाही. ‘शोधगंगे’त पाच लाखांहून अधिक प्रबंध फुकट वाचायला ठेवले आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना सुरू झाली: तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, जवळपास तेरा हजार नियतकालिके.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. आता ते सोलापूरच्या जमिनीवर उतरवून पाहू. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’चा पहिला टप्पा आहे तो केंद्र आणि राज्य सरकारच्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी. आपल्याकडे उच्च शिक्षण उभे केले ते शिक्षणसंस्थांनी. दयानंद १९४० चे, संगमेश्वर १९५३ चे; जिल्हाभरची बहुतेक महाविद्यालये अशीच समाजाच्या वर्गणीतून उभी राहिलेली आणि पुढे अनुदानावर आलेली. दिल्लीत योजनेची रेघ ओढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सरकारी महाविद्यालय असते. महाराष्ट्रात रेघेच्या पलीकडे उभे असलेले विद्यार्थीच जास्त, हे त्याला कळवण्याचे काम राज्याचे होते. पुढच्या टप्प्यात बाकीच्यांचा विचार होईल, असे म्हणतात. तोवर त्या मुलीने काय करायचे?

आणि ‘एन-लिस्ट’चे काय? तिथे महाविद्यालयाने विद्यार्थ्याचे नाव नोंदवावे लागते, मग त्याला आयडी आणि पासवर्ड मिळतो. काम पाच मिनिटांचे. मुलीला आम्ही सहज विचारले, तुझा आयडी आहे का? तिने पर्समधून ग्रंथालयाचे ओळखपत्र काढून दाखवले. कसला आयडी, हेच तिला माहीत नव्हते. तिच्या महाविद्यालयाने वर्गणी भरलेली असण्याची शक्यता मोठी आहे. अहवालात तशी ओळही असेल. किराणा भरून ठेवलेल्या खोलीची किल्ली गडव्यात टाकून गडवा माळ्यावर ठेवावा, तसला हा संसार आहे.

मग विद्यार्थी आपापली वाट काढतात. त्या वाटेवरचा पहिला मुक्काम झेरॉक्सचे दुकान. प्राध्यापकांनी खुणा केलेल्या प्रकरणांचे गठ्ठे, गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, स्पायरल लावलेल्या नोट्स. या देशातल्या उच्च शिक्षणाचा मोठा भार झेरॉक्सवाल्यांनी वाहिला आहे, आणि त्याचा उल्लेख कुठल्याही मूल्यांकन अहवालात नसतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या अशाच एका दुकानाला तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी कोर्टात खेचले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला तो दुकानाच्या बाजूने: शिकवण्यासाठी लागणाऱ्या मजकुराच्या प्रती काढणे हा कायद्याने दिलेला अपवाद आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. आमच्या समोरच्या दुकानदाराला हे ठाऊक नव्हते. आम्ही सांगितल्यावर तो म्हणाला, “मंग रेट वाढवायला हरकत नाय म्हणा की.”

पण खरी गोष्ट पासवर्डच्याही पुढची आहे. त्या मुलीला ‘शोलापूर’ लिहिल्यावर जे सापडले, ते कुणी लिहिलेले होते? गॅझेटिअर इंग्रज अधिकाऱ्यांचे. संसदेतले प्रश्न इंग्रज खासदारांचे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर जुन्या फायली चाळायला बसलो तर तिथेही आवाज गृहखात्याचाच. आपल्यावर मार्शल लॉ लादणाऱ्यांची बाजू एका बोटावर आली आहे. ज्यांच्यावर लादला त्यांचे कागद कुठे आहेत? ‘कर्मयोगी’चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना त्याच मार्शल लॉखाली तुरुंगात जावे लागले. हुतात्मा कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत. या दोन नावांनी शोधून पाहा. त्यांच्याबद्दल लिहिलेले लेख मिळतील, गौरवपर भाषणे मिळतील. त्यांनी स्वतः काय लिहिले, कुठल्या ओळीने सरकारला घाम फुटला, हे वाचायला अंक समोर यावा लागतो, आणि अंक पडद्यावर येत नाही.

दुसरे उदाहरण गिरणीचे. आपल्या जुन्या गिरणीचे, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंगचे नाव भारतात कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. १९४९ मध्ये गिरणी बंद पडली, पुढच्या वर्षी केंद्र सरकारने खास कायदा करून तिचा कारभार ताब्यात घेतला, आणि चिरंजितलाल चौधरी नावाचा एक भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. एकाच गिरणीसाठी कायदा करणे समानतेच्या हक्कात बसते का, हा त्याचा प्रश्न होता. राज्यघटना लागू होऊन वर्षही झाले नव्हते. चौधरी हरले, पण तो निकाल आजही शिकवला जातो. द्वारकादास श्रीनिवास यांचा त्याच गिरणीवरचा पुढचा खटला मालमत्तेच्या हक्कावरच्या धड्यात असतो. गुवाहाटीचा विद्यार्थी हे दोन्ही निकाल रात्री दोन वाजता फोनवर फुकट वाचू शकतो. तिथेही स्पेलिंग ‘एस-एच’चेच! भागधारकाचे म्हणणे पानोपान उपलब्ध आहे. भोंगा बंद झाल्यावर ज्या चाळींमधल्या चुली थंडावल्या, त्यांचे म्हणणे निकालपत्रात येत नाही. ते असेल तर त्या काळच्या मराठी, तेलुगू, कन्नड पत्रकांत, युनियनच्या ठरावांत, सभांच्या हँडबिलांत. आणि हा कागद बहुधा रद्दीच्या भावाने मोजला गेलेला असतो.

हे केवळ सोलापूरचे दुखणे नाही हे खरे, पण सोलापूरला ते जरा जास्त बोचायला हवे. या शहरात पूर्वभागात तेलुगू ऐकू येते, अक्कलकोटकडे वळलो की कन्नड, मधे उर्दू आणि सगळीकडे आपली खास सोलापुरी मराठी. चार भाषांत छापणारे गाव आपल्या ग्रंथालयाची सूची मात्र संगणकावर इंग्रजी अक्षरांत भरते. तीही ज्याने त्याने आपापल्या कानाप्रमाणे. एकच ‘श्रीमान योगी’ तीन स्पेलिंगांनी तीनदा नोंदलेले आम्ही पाहिले आहे. एका नोंदीत ते कपाटात होते, दुसऱ्या नोंदीत गहाळ.

मराठी प्रबंधांची तऱ्हा आणखी निराळी. २००९ च्या अनुदान आयोगाच्या नियमांनंतर विद्यापीठे प्रबंधांच्या डिजिटल प्रती ‘शोधगंगे’त घालू लागली. चांगलेच झाले. पण वर्षानुवर्षे आपल्याकडे टंकन झाले ते श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फाँटांत. डोळ्यांना ते पान देवनागरी दिसते. त्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की हाती येतो तो रोमन अक्षरांचा, डॉलरच्या खुणांचा आणि कंसांचा उकिरडा. म्हणजे संगणकाच्या लेखी त्या प्रबंधात ‘सोलापूर’ हा शब्दच नाही. एखाद्या विद्यार्थिनीने विडी कामगार स्त्रियांवर पाच वर्षे घालवून चारशे पाने मराठीत लिहिली, प्रबंध जगापुढे ठेवला गेला, आणि ‘विडी कामगार’ असे शोधणाऱ्या कुणालाही त्या चारशे पानांतले एक अक्षर दिसणार नाही. याला उपाय आहे. जुना फाँट युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने फुकट मिळतात. वाकड्यातिकड्या जोडाक्षरांवर नजर फिरवायला मराठी चांगले येणारे दोन जण लागतात. मराठी विभागात एम. ए.ला असलेल्या मुलांना या कामाचे श्रेयांक द्यायला कुणाची हरकत असावी?

इथे कुणी म्हणेल, माहितीचे हे व्यवहार मोठ्या शहरांचे. सोलापूरने चादरी विणाव्यात. त्यांनी आपल्या घरातल्या खिळ्याला टांगलेले पंचांग उतरवून पाहावे. दाते पंचांग सोलापूरचे. नानाशास्त्री दात्यांनी मांडलेले गणित शंभराहून अधिक वर्षे या गावातून महाराष्ट्रभर जाते आहे आणि आता ते फोनमध्येही येऊन बसले आहे. हिराचंद नेमचंदांनी ‘जैन बोधक’ हे नियतकालिक काढले ते इथून. जीवराज जैन ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून ‘तिलोयपण्णत्ती’ हा प्राकृत ग्रंथ १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला तो सोलापुरातून, आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांच्या संपादनाखाली. विश्वरचनेचे मोजमाप सांगणारा तो ग्रंथ हवा असेल तर युरोपातल्या अभ्यासकालाही सोलापूरची आवृत्ती मागावी लागते. तेव्हा हे गाव माहितीचे नुसते गिऱ्हाईक कधीच नव्हते.

आणि त्याच हिराचंद नेमचंदांच्या नावाचे वाचनालय आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. दीडशेहून जास्त वर्षांची परंपरा असलेले. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा; त्याच्याही शंभरेक वर्षे आधीपासून सोलापूरकर वर्गणी भरून पुस्तके वाचत होते. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच असा कायदा केला, देशातला पहिला. आज राज्यात अनुदान घेणारी अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत. बहुतेकांचा वाचनकक्ष स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेला असतो. मुले आपली पुस्तके, आपला डबा, आपला चार्जर घेऊन येतात आणि ग्रंथालयाकडे फक्त खुर्ची मागतात. ज्यांना इथे खुर्ची मिळत नाही ती दुसऱ्या नवी पेठेत जातात, पुण्याच्या. तिथे महिन्याच्या भाड्याने खुर्ची, पंखा आणि वायफाय मिळते. आम्हाला त्या मुलांची चेष्टा करायची नाही. शांत जागा ही सुद्धा माहितीच्या वाटेवरची गरज आहे, आणि दहा बाय दहाच्या घरात ती मिळत नाही. पण खुर्चीपासून चार पावलांवर कपाटात काय आहे हे सांगायला कुणी नसेल, तर ग्रंथालय आणि भाड्याची अभ्यासिका यात फरक तो कुठला?

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा वर्धापन दिन १ ऑगस्टला असतो. २००४ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ एकाच जिल्ह्यापुरते, म्हणून पूर्वी त्याला नावे ठेवली गेली. आमच्या मते या कामासाठी तोच त्याचा मोठेपणा आहे. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कुठल्या वाचनालयात, कुठल्या वाड्यात, कुठल्या छापखान्याच्या पोटमाळ्यावर काय आहे, याची एक यादी अशा विद्यापीठाला करता येते; पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठाला ती झेपत नाही. १९३० च्या वर्तमानपत्रांतला पुष्कळसा मजकूर आता हक्कमुक्त आहे. रंगाअण्णा वैद्यांच्या दैनिक ‘संचार’च्या जुन्या फायली म्हणजे या शहराची रोजनिशी, ती कुणाच्या परवानगीने, कशी खुली करायची हे मालकांशी बसून ठरवता येईल. वरून छायाचित्र घेणारा बरा स्कॅनर काही कोटींना मिळत नाही. आणि यंत्र घेण्याआधी एक पूर्णवेळ, पगारी, प्रशिक्षित ग्रंथपाल नेमा. यंत्र नंतर आले तरी चालेल. उलटे केले तर काय होते, ते ‘ई-संसाधन कक्षां’च्या कुलपांवर लिहिलेले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने आता या सगळ्याची गरज उरली नाही, असे सांगणारे एक प्राध्यापक आम्हाला नुकतेच भेटले. प्रश्न विचारा, उत्तर हजर! तेही करून पाहिले. ‘गझनफर’बद्दल विचारल्यावर यंत्राने दोन परिच्छेद सफाईने लिहून दिले. त्यात पुष्पहारांच्या बातम्यांतलेच वाक्य जरा धुऊन इस्त्री करून ठेवले होते. ज्याच्या पोटात ‘गझनफर’चा अंकच कधी गेला नाही, ते बिचारे दुसरे काय सांगणार!

झेरॉक्सच्या दुकानात आमचा नंबर एव्हाना लागून गेला होता, तरी आम्ही रेंगाळलो. मुलीने संसदेतली प्रश्नोत्तरे छापून घेतली, एका बाजूला, पानाला दोन रुपये. पाने हातात जुळवत ती त्या ग्रंथपालांना म्हणाली, “सर, हे झालं त्यांचं. आपला ‘कर्मयोगी’ कुठं बघायला मिळेल?”

त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. पिशवी काउंटरवर ठेवली, आतून रबर लावलेली एक जुनी डायरी काढली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ‘क’चे पान उघडून एकेका नावावरून बोट फिरवू लागले. काही नावांवर रेघ मारलेली होती. मागचे गिऱ्हाईक कुरकुरले तेव्हा दुकानदारच त्याला म्हणाला, “थांब की जरा. सर हुडकायलेत.”